खासदाराचं मतदानाचं रेकॉर्ड वाचायचं कसं? (जेरेमी कॉर्बिन, आणि आपल्याकडचे खासदार)

फिन्सबरीकर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी कंपनीने लंडनला पाठवलं, घर मिळालं ते फिन्सबरी पार्क स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. दोनेक महिन्यांनी कौन्सिलचं पत्र आलं की मतदार यादीत नाव घाला. मला वाटलं चुकून आलंय, माझा पासपोर्ट तर भारताचा. शेजारी एक आजी राहतात, त्यांना पत्र दाखवलं तर म्हणाल्या चूक नाहीये, कॉमनवेल्थ देशातल्या माणसाला इथे राहायची रीतसर परवानगी असली की पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा मत देता येतं. हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि सांगायला हरकत नाही, पत्र हातात धरून जरा भरून आलं, कारण पुण्यात असताना दोनदा माझं नाव यादीतून गायब झालं होतं.

तर आमचा भाग म्हणजे इस्लिंग्टन नॉर्थ, आणि इथला खासदार जेरेमी कॉर्बिन, १९८३ पासून आजपर्यंत तोच. आजींनी पहिल्या निवडणुकीपासून दरवेळी त्यालाच मत दिलंय, अगदी २०२४ ला तो पक्षाबाहेर पडून अपक्ष उभा राहिला तेव्हाही. त्यांचा मुलगा मात्र रविवारी आला की याच विषयावरून आईशी वाद घालतो, त्याच्या मते या माणसाने लेबर पक्षाचं वाटोळं केलं. दोघांचं ऐकून माझं डोकं गरगरायला लागलं म्हणून ठरवलं की आपणच बघू या माणसाने चाळीस वर्षांत केलं काय.

इथे 'दे वर्क फॉर यू' म्हणून एक वेबसाइट आहे, त्यात पोस्टकोड टाकला की तुमचा खासदार कोणत्या विषयावर कुठल्या बाजूने मत देत आला ते सगळं दिसतं. रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसलो होतो. पण जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. सगळीकडे एक आकडा सापडतो की १९९७ ते २०१० या काळात, म्हणजे स्वतःच्याच पक्षाचं सरकार असताना, त्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध ४२८ वेळा मत दिलं. आता हा आकडा वाचून मी काय समजायचं? माणूस तत्त्वाचा म्हणून की कोणाशीच पटत नाही म्हणून? दुसरं म्हणजे काही ठिकाणी नुसतं 'गैरहजर' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय? आणि तिसरं, जे मला जास्त टोचतंय, आमच्या गावाकडच्या खासदारांचं असं रेकॉर्ड मला कधी बघायला का मिळालं नाही? ते आहे कुठे तरी की नाहीच?

जाणकारांनी सांगावं, वेळ लागला तरी चालेल.

टेम्सकाठी

स्वागत आहे, आणि धागा छान काढलात. मी २००३ पासून इथे आहे. आलो त्याच महिन्यात इराक युद्धाचं मतदान झालं होतं त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे, थोडं सविस्तर लिहितो.

आधी मत देतात कसं ते समजून घ्या, त्याशिवाय रेकॉर्ड कळत नाही. स्पीकर पहिल्यांदा नुसतं ओरडून हो-नाही विचारतात, आपल्यासारखंच. पण कोणी आग्रह धरला की डिव्हिजन होतं, घंटा वाजते, पूर्ण इमारतीत वाजते, आजूबाजूच्या काही पबमध्येसुद्धा वाजते, आणि आठ मिनिटांत सगळ्यांनी धावत यायचं. मग बटण वगैरे काही दाबायचं नाही, होकाराची एक लांबट खोली आणि नकाराची दुसरी, त्यातून स्वतःच्या पायांनी चालत जायचं. आठ मिनिटं झाली की दारं बंद. आता कार्ड लावून नोंद होते पण चालत जाणं तेच आहे. मी एकदा व्हिजिटर गॅलरीत बसून हे बघितलंय. मोठमोठे मंत्री हातात फायली घेऊन पळत येतात, आणि एखादा म्हातारा खासदार आपल्या पक्षाचा लोंढा एका बाजूला चाललेला असताना एकटाच दुसऱ्या दाराकडे वळतो तेव्हा ते सगळ्यांना दिसतं. पक्षाचे व्हिप (आदेश पाळायला लावणारे खासदार; त्या आदेशालाही व्हिपच म्हणतात) दारात उभे असतात, त्यांच्या नजरेसमोरून जावं लागतं. कॉर्बिन तेरा वर्षांत ४२८ वेळा तसा वळला हे डोळ्यासमोर आणा, मग आकड्याला जरा वजन येतं.

गैरहजेरीचं म्हणाल तर इथे 'तटस्थ' असं नोंदवायची सोयच नाही. म्हणजे मुद्दाम मत दिलं नाही, आजारी होता, परदेशात होता, की समोरच्या पक्षातल्या कोणाशी ठरवून दोघंही आले नाहीत (याला पेअरिंग म्हणतात), सगळं कागदावर सारखंच दिसतं. त्यामुळे गैरहजर वाचून लगेच मत बनवू नका, त्या दिवशी पक्षाचा आदेश काय होता ते बघा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कॉर्बिनच्याच बाबतीत सापडेल, २० जुलै २०१५. कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने गरिबांच्या मदतीत कपात करणारं वेल्फेअर बिल आणलं होतं. लेबर निवडणूक हरलेला, हंगामी लीडर हॅरिएट हरमन यांनी सांगितलं की आपण मत द्यायचंच नाही. लीडरपदासाठी चौघं उभे होते, त्यातले तिघं आदेश पाळून गप्प बसले, एकटा कॉर्बिन विरोधात गेला. लेबरच्या ४८ जणांनी त्या दिवशी आदेश मोडला. बिल ३०८ विरुद्ध १२४ ने पुढे गेलंच, म्हणजे त्या मताने काही थांबलं नाही, पण माझ्या ऑफिसातली तरुण पोरं दुसऱ्या दिवशी तेवढंच बोलत होती. ज्याचं नाव यादीत यायला लागणारी ३५ खासदारांची शिफारस मुदत संपायच्या काही मिनिटं आधी कशीबशी पुरी झाली होती तो माणूस सप्टेंबरात पहिल्याच फेरीत ५९.५ टक्के मतं घेऊन लीडर झाला. बत्तीस वर्षं मागच्या बाकावर, म्हणजे पक्षात पदाशिवाय, बसलेला माणूस. माझ्या मते ते त्या एका रात्रीच्या यादीमुळे घडलं असं म्हणणं फार चुकीचं नाही.

आणि कुठल्या विषयांवर त्याने पक्ष सोडला ते बघा. डिसेंबर १९९७, ब्लेअर सरकारला सात महिने झालेले, एकट्या पालकांची मदत कमी करायचं ठरलं, ४७ लेबर खासदार विरोधात गेले, त्यात हा होता. मार्च २००३ इराक, सरकारचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ ने पास झाला पण त्याच रात्री १३९ लेबर खासदारांनी युद्धाला विरोध करणाऱ्या दुरुस्तीला मत दिलं, त्यात हा होता. नोव्हेंबर २००५, संशयितांना ९० दिवस आरोपाशिवाय डांबून ठेवायचं बिल, सरकार ३२२ विरुद्ध २९१ ने हरलं, ब्लेअरचा कॉमन्समधला (खालच्या सभागृहातला) तो पहिला पराभव, त्यातही हा होता. युद्ध, पोलिसांचे अधिकार, गरिबांचे पैसे, अण्वस्त्रं. विषय फिरून फिरून तेच आहेत. ज्याचं कोणाशी पटत नाही त्याचे विषय रोज बदलतात, याचे बदलले नाहीत. हे माझं वाचन, पटलं तर घ्या.

सरळमार्गी

टेम्सकाठी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे पण मला अर्धाच वाटला. मी लीड्सला असतो, लेबरचा सभासद होतो, २०१५ ला मीच त्याला मत दिलंय, त्यामुळे हे रागाने नाही तर मनापासून लिहितोय.

मागच्या बाकावरचं रेकॉर्ड आणि लीडरचं रेकॉर्ड ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत, ती एकत्र वाचली की घोळ होतो. मागच्या बाकावर असताना तुम्ही फक्त स्वतःच्या मताला जबाबदार असता. लीडर झालात की दोनशे माणसांना बरोबर घेऊन त्या खोलीतून चालायचं असतं. २ डिसेंबर २०१५, सीरियावर हवाई हल्ले करायचे की नाही. कॉर्बिनचा विरोध, पण पक्षाला आदेश देणं जमलं नाही, सगळ्यांना मोकळीक दिली. दहा तासांवर चर्चा चालली, मी घरी टीव्हीसमोर बसून होतो. शेवटी त्याच्याच शॅडो कॅबिनेटमधल्या (विरोधी पक्षाच्या पर्यायी मंत्रिमंडळातल्या) हिलरी बेनने त्याच्या शेजारी उभं राहून हल्ल्याच्या बाजूने भाषण केलं, आणि कॉर्बिन बाकावर मान न वळवता बसून होता ते दृश्य मला अजून आठवतं. ३९७ विरुद्ध २२३, लेबरचे ६६ सरकारच्या बाजूने. पुढच्या जुलैत ट्रायडंट अण्वस्त्र पाणबुड्यांचं मतदान, पुन्हा मोकळीक, लेबरचे १४० बाजूने आणि लीडरसकट ४७ विरोधात. म्हणजे पक्षाचा लीडर स्वतःच्या पक्षाच्या धोरणाविरुद्ध मत देतोय. त्याच्या आधीच्या महिन्यात खासदारांनी त्याच्यावर १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला होता आणि तरी सप्टेंबरात सभासदांनी त्याला ६१.८ टक्क्यांनी परत निवडून दिलं. खासदार एकीकडे सभासद दुसरीकडे, अशा घरात संसार कसा चालणार.

आता युरोपचं घ्या, कारण इथे मला सगळ्यात जास्त लागलंय. १९७५ च्या सार्वमतात त्याने बाहेर पडायला मत दिलं होतं, १९९३ ला युरोपियन युनियन उभी करणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराला विरोध, २००८ ला लिस्बन कराराला विरोध, म्हणजे चाळीस वर्षं एकच सूर. आणि २०१६ ला लीडर म्हणून राहायच्या बाजूने प्रचार. मग १ फेब्रुवारी २०१७, युरोपमधून बाहेर पडायची प्रक्रिया सुरू करणारं बिल, आणि कॉर्बिनने आपल्या खासदारांना तीन रेघांचा व्हिप काढला, म्हणजे सगळ्यात कडक, कागदावर खरंच तीनदा अधोरेखित केलेला असतो. ज्याने ४२८ वेळा आदेश मोडला त्याने! ४७ जणांनी तो मोडला, त्यात पक्षाचे स्वतःचे व्हिप होते तीन, ज्यांचं काम आदेश पाळायला लावणं. आणि धागाकर्ते साहेब, तुम्ही राहता त्या इस्लिंग्टनमध्ये ७५ टक्के लोकांनी युरोपमध्ये राहायला मत दिलं होतं. तुमच्या आजींनीसुद्धा बहुतेक. त्यांना विचारा त्या रात्रीबद्दल.

मी सभासदत्व सोडलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, कारणं आणखीही होती, पण सुरुवात तिथे झाली.

टेम्सकाठी

सरळमार्गी, तुमचं दुखणं कळतं आणि माझी बायको अगदी हेच बोलते. फक्त एक, देशाने बाहेर पडायचा कौल दिला होता आणि लेबरच्या उत्तरेकडच्या कितीतरी जागा बाहेर पडा म्हणणाऱ्या होत्या, २०१९ ला त्याच गेल्या, पक्ष २०२ वर आला. तो इस्लिंग्टनचा खासदार होता तसाच पूर्ण पक्षाचा लीडर होता, दोन्ही मतदारांना एकाच वेळी खूश करणारं मत त्या रात्री अस्तित्वातच नव्हतं. पण हो, ४२८ वाला माणूस तीन रेघा ओढतो तेव्हा प्रश्न विचारलाच पाहिजे, सहमत.

निळाईत

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. सगळे युरोप आणि युद्धाबद्दल बोलताय पण आपल्या लोकांशी थेट संबंध असलेला एक विषय राहून गेलाय.

ब्रिटनमध्ये जातीवरून भेदभाव होतो का, आणि त्याला कायद्यात जागा असावी का, हा प्रश्न तिथल्या पार्लमेंटमध्ये बरीच वर्षं गाजला. जेरेमी कॉर्बिन हे दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या तिथल्या संस्थेचे अनेक वर्षं अध्यक्ष होते आणि सभागृहात या विषयावर बोललेले आहेत, तेही ते लीडर व्हायच्या खूप आधी, ज्या काळात त्यातून एक मतसुद्धा वाढणार नव्हतं. २०१३ ला वरच्या सभागृहाने म्हणजे लॉर्ड्सनी समता कायद्यात जात घालायची दुरुस्ती केली, कॉमन्सने ती १६ एप्रिलला फेटाळली, लॉर्ड्सनी पुन्हा घातली, आणि शेवटी सरकारला मान्य करावं लागलं. म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दोन दिवसांनी फेटाळली आणि आठवडाभरात परत आली. आम्ही इथे नागपुरात रोज बातम्या बघत होतो, माझे मामा तर फोन करून करून विचारायचे काय झालं म्हणून. पुढे २०१८ ला सरकारने जाहीर केलं की स्वतंत्र तरतूद करणार नाही, कोर्टाच्या निकालांवर सोडतो, आणि तो विषय तिथेच अडकला.

हे मुद्दाम सांगतेय कारण मतदानाच्या रेकॉर्डमध्ये हे काम नीट दिसत नाही. वर्षानुवर्षं समितीच्या खोलीत पंधरा माणसांसमोर बसणं, प्रश्न विचारणं, मंत्र्याला पत्रं लिहिणं, त्याची हो-नाही अशी नोंद होत नाही. बाबासाहेब लंडनला शिकत असताना प्रिमरोझ हिलला किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहायचे, महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ ला घेतलं, तुमच्या फिन्सबरी पार्कपासून फार लांब नाही, एकदा जाऊन या.

बाकी सगळ्या बाबतीत मला त्यांचं पटतं असं नाही. २०१९ ला काश्मीरवर पक्षाच्या अधिवेशनात जो ठराव झाला त्याने तिथले कितीतरी भारतीय दुखावले आणि ते दुखणं समजून घ्यायला पक्षाने फार उशीर केला असं माझं मत आहे.

फिन्सबरीकर

निळाईत ताई, मनापासून आभार, हे मला अजिबात माहीत नव्हतं. रविवारी त्या घरी जातोय.

सरळमार्गी, आजींना विचारलं. जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की त्या रात्री मी त्याला चार पानी पत्र लिहिलं, रागाचं. उत्तर आलं का विचारलं तर म्हणाल्या मी ते पोस्टातच टाकलं नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्या सर्जरीला गेले. सर्जरी म्हणजे ऑपरेशन नाही हो, खासदार मतदारसंघात ठरलेल्या दिवशी बसतो आणि कोणीही जाऊन भेटू शकतं त्याला सर्जरी म्हणतात. तिथे जिन्यावर रांगेत त्यांच्या पुढे एक सोमाली बाई होती, तीन लेकरं घेऊन, घरातून काढत होते तिला. त्या बाईचं काम ऐकता ऐकता माझा ब्रेक्झिटचा राग सांगायचाच राहिला, असं म्हणाल्या.

माझा तिसरा प्रश्न मात्र तसाच राहिलाय, भारतातलं कोणी सांगेल का?

कलम_१०२

सांगतो. मी वकिली करतो, मुंबई.

पहिली गोष्ट, आपल्याकडे बहुतेक बिलं आवाजी मतदानाने पास होतात. 'होय'वाले जिंकले असं अध्यक्षांनी म्हटलं की संपलं, कोणी काय मत दिलं याची नावनिशी नोंदच राहत नाही. डिव्हिजन मागितलं तरच बोर्डावर दिवे लागतात, हिरवा होय, लाल नाही, पिवळा तटस्थ. आणि मागून मिळेलच असंही नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेतीची बिलं आठवा, विरोधक डिव्हिजन मागत होते, गोंधळ झाला, आवाजी मतदानाने बिलं पास झाली. इतका मोठा कायदा, ज्यावरून पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले, आणि त्या दिवशी कोणी कुठलं मत दिलं याची यादीच नाही. मी कोणत्याही पक्षाचा नाही पण हे मला फार लागलं होतं, आजही लागतं.

फक्त घटनादुरुस्ती असेल तर नावनिशी मतदान करावंच लागतं कारण तिथे विशेष बहुमत मोजायचं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं, म्हणजे पक्षांतरबंदी. त्यात नुसता पक्ष बदलणं नाही तर पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणं किंवा मतदानाला न येणं यावरही खासदारकी जाऊ शकते, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तरच सुटका. इथे कॉर्बिन ठेवून बघा. तिथे व्हिप काढून घेणं म्हणजे पक्षाने माणसाला बाहेर ठेवणं, खासदारकीला धक्का नाही. २०२० ला त्याचा व्हिप गेला तरी तो २०२४ पर्यंत इस्लिंग्टनचा खासदार म्हणून बसलाच, आणि मग अपक्ष उभा राहून २४,१२० मतं घेऊन लेबरच्या प्रफुल्ल नरगुंद यांना हरवून परत आला. आपल्याकडे तो ४२८ पर्यंत पोचलाच नसता, पहिल्याच मताला पक्षाची तक्रार अध्यक्षांकडे गेली असती आणि विषय संपला असता. म्हणजे आपल्या खासदाराचं रेकॉर्ड समजा सगळं छापलं तरी त्यात दिसणार काय? पक्षाचं रेकॉर्ड.

कायदा वाईट हेतूने आला असं मी म्हणत नाही. साठीच्या दशकात 'आयाराम गयाराम' कसं चालायचं ते आपल्या वडीलधाऱ्यांनी बघितलंय. सुप्रीम कोर्टाने १९९२ ला किहोटो होलोहान खटल्यात कायदा वैध ठरवला पण असंही सुचवलं की व्हिपचा हा धाक विश्वासदर्शक ठराव किंवा ज्या धोरणावर पक्ष निवडून आलाय तेवढ्यापुरता असावा. ते कोणी मनावर घेतलं नाही. सरकार टिकेल की पडेल अशा मताला कडक आदेश ठीक आहे, १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने गेलं, तिथे प्रत्येक मताचं मोल कळतं. पण साध्या एखाद्या बिलावर, जिथे सरकारला काही होणार नाहीये, तिथे माझ्या जिल्ह्याच्या खासदाराला माझ्या जिल्ह्याचा विचार करून मत देता येत नाही, याला प्रतिनिधी कसं म्हणायचं?

मालवणी_मास्तर

वकीलसाहेबांनी १९८५ चा विषय काढलात म्हणून एक गोष्ट सांगतो, आमच्या राजापूर मतदारसंघाची.

मधु दंडवते आमचे खासदार, १९७१ पासून सलग पाच वेळा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मुंबईला सिद्धार्थ कॉलेजात शिकवायचे. जून १९७५ मध्ये ते बंगलोरला गेले होते, कशाला माहितीय? पक्षांतरबंदीच्या बिलावर संसदेची समिती होती तिच्या बैठकीला. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र सगळे तिथेच. २५ च्या रात्री आणीबाणी आली आणि २६ ला या सगळ्यांना तिथेच पकडून बंगलोरच्या तुरुंगात टाकलं. आमदार-खासदारांना फुटण्यापासून कसं वाचवायचं यावर विचार करायला जमलेली माणसं, विरोधात बोलतात म्हणून आत गेली. प्रमिलाताई तिकडे येरवड्याला. दोघं नवरा-बायको दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत.

सुटल्यावर १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचाचा फोम बसवला. त्यासाठी डिव्हिजन झालं नव्हतं की कुठे हो-नाहीची यादी नाही. पण माझे वडील गिरणीत होते, गिरणीतले दोस्त आणि ते दूरच्या गाडीने कधी गेले की आल्यावर बर्थवर हात दाबून दाखवायचे असा, घरच्या पलंगावर, 'एवढो मऊ' म्हणून. आमच्याकडे तर तेव्हा रेल्वेच नव्हती. मी आठवीत होतो, कणकवलीच्या सभेत पहिल्या रांगेत जमिनीवर बसून त्यांना ऐकलं, पांढरा शर्ट, हातात एक चिठ्ठी नाही, आणि संसदेत मी हा प्रश्न विचारला, मंत्री हे म्हणाले, मी पुढे हे विचारलं, असा तारीखवार हिशेब. आम्हाला वेबसाइट नव्हती पण खासदार येऊन तोंडी रेकॉर्ड द्यायचा. १९९१ ला ते हरले, तेव्हा आमच्या घरी त्या रात्री कोणी जेवलं नाही.

सरळमार्गी

मास्तर, प्रतिसाद आवडला. आणि कलम_१०२, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य, फक्त इथेही दिवस बदलतायत बरं का. २३ जुलै २०२४ ला, नवीन लेबर सरकारला तीन आठवडेही झाले नव्हते, दोनच मुलांपर्यंत मदत देण्याची जी मर्यादा तेव्हा होती ती काढा अशा दुरुस्तीला लेबरच्या सात खासदारांनी मत दिलं आणि सातही जणांचा व्हिप सहा महिन्यांसाठी काढून घेतला. १९९७ ला तशाच विषयावर ४७ जण विरोधात गेले होते, तेव्हा इतकी शिक्षा झाली नव्हती. कॉर्बिननेही त्याच दुरुस्तीला मत दिलं, फक्त तो आता अपक्ष होता, त्याचं काढून घ्यायला काही उरलं नव्हतं. मी त्याच्यावर कितीही चिडलेला असलो तरी त्या रात्री यादीत त्याचं नाव बघून बरं वाटलं, हे कबूल करतो.

कलम_१०२

फिन्सबरीकर, तुमच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर राहिलं. पीआरएस म्हणून संस्था आहे, त्यांच्या साइटवर आपल्या प्रत्येक खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न, भाग घेतलेल्या चर्चा, मांडलेली खासगी विधेयकं मिळतात. मत कुठे दिलं ते तिथे नाही. ते हवं असेल तर ज्या दिवशी डिव्हिजन झालं त्या दिवसाचा लोकसभेचा कामकाजाचा वृत्तांत काढायचा, त्यात होय आणि नाही अशा नावांच्या याद्या छापलेल्या असतात. सुरुवातीला २० सप्टेंबर २०२३ घ्या, महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती. नवीन इमारतीत चिठ्ठ्यांवर मतदान झालं होतं, ४५४ विरुद्ध २. ते दोन म्हणजे एमआयएमचे अध्यक्ष ओवैसी आणि आपले संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील, त्यांचं म्हणणं होतं की ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळी जागा हवी. तुम्हाला पटो न पटो, पण तिथे मत, नाव आणि कारण तिन्ही एकत्र सापडतात, आपल्याकडे असं क्वचित होतं.

फिन्सबरीकर

काल रात्री ती यादी काढली. पानंच्या पानं नावं आहेत, राज्यवार नाहीत त्यामुळे शोधायला वेळ लागला. आमच्या खासदारांचं नाव सापडलं, होयच्या यादीत. आईला व्हिडिओ कॉल करून स्क्रीनवर दाखवलं तर ती चष्मा लावून फोन जवळ घेऊन वाचत होती आणि मग म्हणाली, बाकीच्या दिवसांचं पण बघ की, कापसाच्या भावाचं काय मत दिलंय त्यांनी ते शोध.

तेच शोधतोय. कोणाला कापूस किंवा पीकविम्याच्या विषयावर लोकसभेत नावनिशी मतदान झाल्याचं आठवत असेल तर तारीख टाका इथे.